तुमची स्प्रिंग, माझी स्प्रिंग

अहो,

नाही हो, पडलेबिडले नाही कुठे. मनगटावरचा हा निळा डाग बघूनच विचारताय ना? काल त्यातनं नळी घातली. हो, मनगटातनं! बांगड्या भरतात तिथनं! तुमच्यासारखं मांडीच्या सांध्यातनं नाही. जमाना बदलला, साहेब!

रोजच्यासारखं तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलले असते, पण फोटो घरी आणि मी इथे हॉस्पिटलात. नुसत्या भिंतीशी बोलायला लागले तर सिस्टर मला डोक्याच्या वॉर्डात हलवेल. म्हणून तिच्याकडून कागद आणि पेन मागून घेतलं. हात दुखतोय, अक्षर वाकडं आलं तर हसायचं नाही. गावच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच उठवायचे, हे तुम्हाला हजारदा सांगितलंय. आज हजारएकदा.

गुडगावातलं हॉस्पिटल आहे, सगळं काचेचं. खिडकीतनं मेट्रोचे खांब उभे राहताना दिसतात. इथे मेट्रो येणार, बरं का! तुमची ती चार्टर्ड बस, त्यात मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून चाललेला पत्त्यांचा डाव, सगळं संपणार. खाली कॉफीचं दुकान आहे. हॉस्पिटलात! लोक पेशंटला भेटायला येतात की फिरायला, कळत नाही.

बरं, मुद्द्यावर येते. मला तुम्हाला एक विचारायचंय. काल टेबलावर मी तसं सगळ्यांसमोर बोलून बसलेय.

झालं असं, की मी आडवी, बाजूला टीव्ही, आणि टीव्हीवर माझं हृदय. काळी वेल दिसते हो, धडधडणारी! मी तर बघतच राहिले. एका जागी वेल एकदम बारीक, कोणी चिमटीत धरल्यासारखी. डॉक्टर म्हणजे आपल्या नितीनहून लहान पोरगा. मला म्हणतो, "माताजी, यहाँ रुकावट है. अभी स्टेंट डाल दें?"

मी म्हटलं, "नहीं."

"क्यों?"

"घरवाले से पूछे बिना नहीं."

"तो बुला लेते हैं. कहाँ हैं?"

"ऊपर."

बिचारा मास्कमधनं सिस्टरला म्हणतो, "ज़रा थर्ड फ्लोर की वेटिंग में देखना." मला इतकं हसू आलं, की यंत्रावरची रेघ उड्या मारायला लागली. "हिलिए मत, माताजी!"

मग मला तशीच बाहेर आणली. नितीन असा लाल झाला होता! "आई, बाबांना विचारणार म्हणजे काय? डॉक्टर काय म्हणत असतील?" आणि हरप्रीत माझा हात धरून म्हणते, "आई, प्लीज यार." हरप्रीत म्हणजे नितीनची बायको. पंजाबी आहे. तुम्ही गेल्यावर वर्षभराने लग्न झालं. फोटोसमोर सांगितलं होतं तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हतात, म्हणजे पसंत असणार. ती सासूला यार म्हणते. तुम्ही असतात तर घास अडकला असता. मला आवडतं.

तर उद्या सकाळी पुन्हा टेबलावर. हो म्हटलं तर स्प्रिंग, म्हणजे तो स्टेंट. नाही म्हटलं तर गोळ्या घेऊन घरी. डॉक्टर सांगतो, ही मोठी नळी आहे, नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर सोडण्यासारखी नाही. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय. नितीन म्हणतो, यात विचार कसला? त्याला काय माहीत! तुमची स्प्रिंग बंद पडली तेव्हा तो पुण्याला नोकरीवर होता. तुमच्याजवळ मी होते.

दुखलं कुठे म्हणता? सांगते, पण आधी बसून घ्या. पाण्यात.

आपल्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. ब्रोशरमध्ये निळा चौकोन दाखवून तुम्हीच म्हणाला होतात ना, "याचे पैसे फुकट घेतायत, कोण पोहणार?" मी पोहते! लेडीज बॅच असते, दुपारी. लेगिंग आणि वर नितीनचा जुना टी-शर्ट. पहिल्या दिवशी सगळ्या बाया कडेला दांडी धरून पाय मारत होत्या, आणि मी सरळ उडी मारली. अख्खी बॅच किंचाळली! आमच्या गावच्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून शिकले होते मी. दिल्लीत येऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही कधी विचारलंत, शालन, तुला पोहता येतं का? नाही विचारलंत. आर. के. पुरमच्या सरकारी दोन खोल्यांत पोहणार तरी कुठे, पाण्याच्या ड्रममध्ये?

तर त्या दिवशी मध्यावर होते आणि जबडा दुखायला लागला. मग डावा हात. मला लगेच कळलं. कळणार नाही तर काय, तुमचंच सगळं बघितलेलं! दांडी धरली, वर आले, हरप्रीतला फोन. घाबरले नाही. खोटं कशाला, थोडी घाबरले.

तुम्हाला आठवतं तुमचं? केवढा सोहळा! सरकारी हॉस्पिटल, मोठा वॉर्ड, आणि तो दाढीचं सामान घेऊन आलेला माणूस. तुम्ही गाल पुढे केलात. तो म्हणाला, "साहब, यहाँ नहीं, नीचे." तुमचा चेहरा! "पडदा लावा, पडदा लावा," म्हणून असे ओरडलात, की समोरचा पेशंट ऑक्सिजन बाजूला करून हसला. मग मांडीवर वाळूची पिशवी, आणि पाय हलवायचा नाही. नाक खाजवायची सुद्धा परवानगी मागत होतात. "सिस्टर, मे आय?" कोण विचारतं असं?

आणि घरी आल्यावर तर काय, नवरदेव! ऑफिसातलं अख्खं सेक्शन बघायला येत होतं. प्रत्येकासमोर तुम्ही खिशातलं पेन उघडायचात, आतली स्प्रिंग काढून तळहातावर ठेवायचात. "बस, एवढीच असते. आत नेऊन फुगवतात." लोक वा वा करायचे, आणि स्प्रिंग सोफ्याखाली उडायची. घरात एक पेन धड राहिलं नव्हतं. धोब्याचा हिशोब मी काजळाच्या पेन्सिलीने लिहीत होते.

मग ती गजक, इथली तीळगुळाची कडक वडी. डॉक्टरने गोड बंद सांगितलं होतं, तरी स्वयंपाकघरात चोरून खाल्लीत आणि दाढ मोडली. चांगलं झालं, म्हटलं होतं मी. तोंडातून गेले ते शब्द, काय करू. मुनिरक्याच्या त्या दातवाल्याकडे जिना चढून गेलो. तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता, हे त्याला कळलं तेव्हा त्याने चिठ्ठीवर लिहिलं, दाढ काढेपर्यंत गोळी बंद, नंतर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. चूक काय लिहिलं त्याने? काहीच नाही. दाढ निघाली. रक्त थांबलं. मी गोळी ताटाशेजारी ठेवली.

तुम्ही ती उचलून परत डबीत टाकलीत.

"अहो, दाढ निघाली की आता!"

"विचारून सुरू करा, असं लिहिलंय. विचारलंय का? नाही."

"मग विचारा."

"तारीख पुढच्या आठवड्याची आहे."

"त्याच्या आधी जा."

"तारखेच्या आधी गेलं की दारावरचा शिपाईसुद्धा ओळख दाखवत नाही. तुला ऑफिसचं कळत नाही, शालन."

"हे ऑफिस नाही, छाती आहे!"

"तू डॉक्टर आहेस? सातवी पास."

असं भांडण आपलं रोज. जेवायच्या वेळेला गोळी ताटाजवळ, जेवण झालं की गोळी डबीत. सगळी नोकरी तुम्ही याच रीतीने केलीत. वरून लेखी आलं की हलायचं, नाही आलं तर फाइलवर पेपरवेट. एकदा मनात आलं होतं, गोळी कुटून वरणात घालावी. पण वरणात जिरं जास्त पडलं तरी तुम्हाला कळायचं. तिथे मात्र लेखी लागत नव्हतं!

रागावू नका, पण हे मला तुम्हाला कधीपासून म्हणायचं होतं. त्या दातवाल्याचं अक्षर मला लावता आलं नाही, ते तुम्ही वाचून दाखवलंत. पण तुमचा चेहरा मला वाचता येत होता. जिना चढताना मध्ये थांबायला लागला होतात. माझं का नाही ऐकलंत? माझ्यावर शिक्का नव्हता म्हणून?

आणि तारखेच्या आधी फ्लॅट बघायला गेलो, त्या रविवारी तुम्ही किती खुशीत! रिटायरमेंट जवळ आलेली, सरकारी क्वार्टर खाली करायचं, आणि आपला स्वतःचा फ्लॅट गुडगावात उभा राहिलेला. तेव्हा तिथे फ्लॅटशिवाय होतं काय? मोहरीचं शेत, क्रेन, आणि म्हशी. मी म्हटलं, "हे नवं शहर? आमचं गाव यापेक्षा भरलेलं आहे." तुम्ही म्हणालात, "बघशील तू. इथे मॉल येणार, मेट्रो येणार." बरोबर बोललात. मॉल आले, मेट्रोचे खांबसुद्धा आले. तुमचं एवढं एकच भविष्य खरं ठरलं.

लिफ्ट नव्हती बसली अजून. हळूहळू चढलो. दाराला दार नाही, खिडकीला खिडकी नाही, आणि तुम्ही मधोमध उभे राहून हात पसरून दाखवताय. "हा तुझा ओटा. इथे सिंक. उभ्याने काम, आता वाकायचं नाही." आणि मग म्हणालात, "जरा बसतो." सिमेंटच्या गोणीवर बसलात. शर्टाची वरची बटणं स्वतःच सोडलीत. तुम्ही, जे मे महिन्यात सुद्धा गळ्यापर्यंत बटण लावायचे!

बिल्डरच्या माणसाने व्हॅन काढली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तुम्ही माझा हात धरलेला होता, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत आहे. आत घेऊन गेले. खूप वेळाने डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झाली, खूप प्रयत्न केला. मग म्हणाले, असं क्वचित होतं.

क्वचित! तुम्ही! जन्मभर चारचौघांसारखे राहिलात. सगळ्यांनी स्कूटर घेतली तेव्हा स्कूटर, सगळ्यांनी सफारी शिवला तेव्हा सफारी, सगळ्यांनी गुडगावात पैसे भरले तेव्हा गुडगाव. एका गोष्टीत सुद्धा वेगळं वागला नाहीत. आणि निघायच्या वेळी तेवढे क्वचित झालात? काय गरज होती, यार?

ती गोणी होती तिथे आता फ्रिज आहे. भाजी काढायला वाकले की रोज तुम्हाला पाय लागतो, माफ करा.

तर आता तुम्ही सांगा, मी घाबरणार नाही तर काय करणार?

इथवर सकाळी लिहिलं होतं. मग दुपारी तो पोरगा डॉक्टर आला. हातात कागद. मला वाटलं, इथे सही करा म्हणेल आणि जाईल. पण त्याने सगळं समजावून सांगितलं. नळी आतून फाटू शकते. स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. टोचलं तिथे फुगा येऊ शकतो. ते रंगाचं औषध कोणाच्या किडनीला झेपत नाही. एखाद्याला धातूच सोसत नाही. आणि कधी स्प्रिंगमध्ये गुठळी. प्रत्येकाच्या शेवटी, "लेकिन रेअर है, माताजी." "बहुत रेअर है." मंगलाष्टकातल्या सावधानसारखं!

मी म्हटलं, "डॉक्टरसाब, मेरे वो भी बहुत रेअर थे."

त्याने कागद खाली ठेवला. माझ्या पलंगाच्या कडेवर बसला. "कौन-सा वाला?"

"गुठळी वाला."

मग मी सांगितलं सगळं. पेनाची स्प्रिंग, गजक, चिठ्ठी, ताटाशेजारची गोळी. नितीन खिडकीशी उभा होता. त्याने हे पहिल्यांदा ऐकलं. मी त्याला नुसतं एवढंच सांगितलं होतं, की बाबांचा स्टेंट बंद पडला. गोळीचं कधी सांगितलं नव्हतं. बापाबद्दल पोराच्या मनात राग कशाला? पण तो रागावला नाही हो. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लेखी आलं नव्हतं." आणि एकदम हसला. आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागला. अगदी तुमच्यासारखा, शर्टाच्या टोकाने.

डॉक्टर म्हणाला, "माताजी, गोळी चालू असती तर ते वाचलेच असते, हे मी नाही सांगू शकत. पण तुमची गोळी मला विचारल्याशिवाय कोणी बंद करणार नाही. दाँतवाला भी नहीं, आप भी नहीं." हिंदीत बोलला, मी तुम्हाला मराठीत सांगतेय.

मी म्हटलं, "लिख के दो. और हिंदी में, मुझे पढ़ना है."

मला वाटलं, काय मोठा मुद्दा काढलाय आपण! तर तो खिशातनं छापील पिवळं कार्ड काढून म्हणतो, "ये तो सबको देते हैं." माझा सगळा रुबाब उतरला! हिंदीतच छापलंय. गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, आधी या नंबरवर फोन करायचा. खाली त्याने पेनाने लिहिलं, कधीही. मग मीच विचारलं, "और चालू करने के लिए?" तो म्हणाला, "माताजी, बंद ही नहीं होगी तो चालू क्या करना?" पोरगा हुशार आहे.

मग मी विचारलं, पाण्यात पुन्हा कधी उतरू? त्याला वाटलं, आंघोळीचं विचारतेय. "नहीं नहीं, तैरना. पूल में." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप तैरती हैं?" हरप्रीत मध्येच, "डॉक्टर, शी डाइव्ह्ज़!" अख्ख्या खोलीत सांगितलं तिने. तो म्हणाला, मनगट भरू दे, सगळं नीट झालं की मी स्वतः सांगेन. उडी मात्र इतक्यात नाही. चलो, उडी नाही तर नाही. शिडीवरनं उतरेन.

सही करायला नितीनने पेन हातात घेतलं. मी काढून घेतलं. छाती माझी, सही तुझी कशी रे?

आणि सही करताना एक गंमत झाली. आधी माझं नाव. मग मध्ये तुमचं. मग आडनाव. तोंडाने तुमचं नाव मी कधी घेतलं नाही, पण सहीत तुम्ही येताच. न बोलावता, माझ्या मागोमाग, कागदावर. मी म्हटलं, घ्या! काल टेबलावर ज्यांना विचारायला थांबले, त्यांची सही पण झाली. परवानगी मिळाली असं मी धरलं. आता मागे घेता येणार नाही, ऑफिसचा नियम तुम्हीच शिकवलाय.

त्यामुळे उद्या सकाळी माझी स्प्रिंग! मी आत्ता इतकी उत्साहात आहे, की सिस्टर दोनदा बीपी बघून गेली. हरप्रीत म्हणते, नवीन स्प्रिंग लागल्यावर आई उड्या मारणार. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना पण उद्याच घालायचीय. त्या भीतीने जपमाळ ओढत होत्या. मी त्यांना तुमची, त्या दाढीचं सामान आणणाऱ्याची गोष्ट सांगितली. हिंदीत आणखी छान वाटते. त्या इतक्या हसल्या, की जपमाळ खाली पडली. तुम्ही रागवाल, पण त्यांना बरं वाटलं.

आता वचन देते, नीट ऐका. गोळी मी एक दिवस चुकवणार नाही. उपास असला तरी. दात दुखला तरी. कोणी कोट घालून कितीही मोठा कागद नाचवला तरी आधी फोन, मग बाकीचं. आणि कोणाला लाज वाटते, भीती वाटते, तारीख लांब आहे म्हणून थांबलाय असं दिसलं, सोसायटीत, बॅचमध्ये, कुठेही, तर त्याला मी हाताला धरून घेऊन जाईन. तुमच्या वेळी भांडले, पण हाताला धरलं नाही. आता धरीन.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले होते, मला पण न्या तुमच्याबरोबर. तुमच्या बहिणीने पोटाशी धरलं, सगळ्या बायका रडल्या. तेव्हा ते खरं होतं. पहिलं वर्षभर खरं होतं. नंतर नुसतं सवयीने म्हणत राहिले, दिवा लावताना, कारण विधवा बाईने म्हणायचं असतं. काल टेबलावर मी नाही म्हटलं, ते तुमची परवानगी हवी म्हणून नव्हतं. मला वाटलं, मी पण तुमच्यासारखी क्वचित निघाले तर तुम्ही हसत हसत न्यायला याल, आणि एवढी वर्षं म्हटलेलं मला निभवावं लागेल.

मला नाही यायचं. तुमची आठवण रोज येते, पण मला इथे मजा येतेय. तुमच्याबरोबर होती त्यापेक्षा जास्त येतेय. मला जगायचंय.

तुमची
शालन